आधी घरचा डोंगर, मग हिमालय



'मी केलेली भटकंती' हा निबंधाचा विषय दिला की वर्गातल्या वह्या भराभर भरतात. कुणी कळसूबाईला जाऊन आलेलं असतं, कुणी हरिश्चंद्रगडावर तंबूत राहिलेलं असतं, एखादा थेट मनालीहून परतलेला असतो. निबंध मात्र सगळे सारखेच निघतात. पहाटे निघालो, गाडीत गाणी म्हटली, चढताना दमलो, फोटो काढले, खूप मजा आली! जागेचं नाव झाकलं तर कुठला निबंध कुठल्या डोंगरावरचा, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

म्हणून आज नमुना निबंध देत नाही. त्याऐवजी माझं मत लिहितो, पटलं तर बघा. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांनी मुलांच्या साहसाला नुसती परवानगी नाकारणं थांबवावं आणि ते रीतसर शिकवायला घ्यावं. आणि शिकवणारी माणसं शोधायला उत्तराखंडला जायची गरज नाही. ती आपल्याच अकोले तालुक्यात आहेत. (विदर्भातलं अकोला वेगळं, आपलं अकोले वेगळं. परगावचे लोक अजून गोंधळ करतात.)

आधी परवानगीचं बघू. सध्या चालतं असं. कुठे तरी सहलीत मुलगा बुडाल्याची बातमी येते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सूचना लागते, की यंदा सहल, ट्रेक काही नाही. प्राचार्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. काही बरंवाईट झालं तर पोलीस त्यांच्या दारात, पालक त्यांच्या दारात, पत्रकारही त्यांच्याच दारात. सही करायला हात धजत नाही, यात नवल नाही. पण सूचना लागल्यावर मुलं डोंगरावर जायची थांबतात का? नाही. ती घरी "मित्राकडे अभ्यासाला जातो" असं सांगतात आणि शनिवारी रात्री तीन मोटारसायकलींवर सहा जण भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात. बरोबर दोर नाही, शिट्टी नाही, धड टॉर्च नाही, आणि कुठे गेलेत हे एकाही मोठ्या माणसाला माहीत नाही. परवानगी नाकारल्याने धोका कमी होत नाही. तो कॉलेजच्या नजरेआड जातो, एवढंच.

मुलींचं तर आणखी वेगळं. मुलगा खोटं बोलून तरी जातो. मुलीला तेवढीही मुभा नसते. कॉलेजने अधिकृतपणे नेलं, बरोबर बाई आहेत, असं सांगता आलं तर कित्येक घरांतून "जा" असं उत्तर येतं. हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणजे कॉलेजने सहल बंद केली की मुलग्यांची भटकंती चोरून चालू राहते आणि मुलींची संपते.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आपला. पूर्वेला जामखेड, पाथर्डी, शेवगाव. तिकडच्या मुलाला पाऊस म्हणजे आभाळाकडे बघत बसायची गोष्ट. वायव्येच्या कोपऱ्यात अकोले, तिथे सह्याद्रीची मुख्य रांग आणि पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, ते इथे. हरिश्चंद्रगड इथे, रतनगड इथे, साम्रदची सांदण दरी इथे. पुण्या-मुंबईच्या गाड्या दर शनिवारी बारी गावात रांगेने उभ्या असतात. आणि जामखेडच्या कॉलेजातला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो तरी त्याने स्वतःच्या जिल्ह्यातलं हे शिखर पाहिलेलं नसतं.

"तिकडच्या डोंगराशी आमचा काय संबंध?" असं एकाने मला विचारलं होतं. संबंध पाण्याचा आहे. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या. प्रवरेवर भंडारदऱ्याला इंग्रजांच्या काळात धरण बांधलं गेलं, १९२६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्या पाण्याने संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडचा ऊस उभा राहिला. त्याच पट्ट्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना निघाला. मुळेचं पाणी राहुरीजवळच्या धरणात साठतं आणि नगर शहराच्या नळाला येतं. म्हणजे श्रीरामपूरच्या मुलाच्या कॉलेजची फी ज्या उसातून भरली गेली, त्या उसाचं पाणी रतनगडाच्या कातळावरून उतरलेलं आहे. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ बघून, मागच्या ओढ्यात पाय बुडवून हे समजतं तसं भूगोलाच्या पुस्तकातून समजत नाही.

आणि साहसाला उंच डोंगरच हवा असंही नाही. नगरच्या मुलाने रविवारी पहाटे चांदबिबी महालापर्यंत चालत जाऊन यावं. नाव चांदबिबीचं पडलं असलं तरी ती सलाबतखानाची कबर आहे, हे वर पोहोचल्यावर मित्रांना सांगावं. पारनेरच्या मुलाने निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघावेत. वाहत्या पाण्यात दगडगोटे गरगर फिरून त्यांनी कठीण कातळाला रांजणासारखी भोकं पाडलीत. भूगोलाच्या पेपरात 'नदीचे खनन कार्य' लिहिताना यापेक्षा चांगलं उदाहरण सापडायचं नाही. पण हे खळगे खोल असतात, कडा गुळगुळीत असतात आणि आत पडलेल्याला हाताला धरायला काही मिळत नाही. पाणी असताना कडेला उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला हे कुणी तरी आधी सांगायला हवं. कर्जतच्या मुलांसाठी रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. तिथे चढायचं काहीच नाही. वाऱ्याची दिशा बघून, आवाज न करता, तासभर एका जागी बसायचं. हे ज्याला जमलं त्याने अर्धं जंगल जिंकलं असं मी म्हणेन. मला स्वतःला कड्यावर चढण्यापेक्षा हे जास्त अवघड वाटतं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

राजूरच्या पलीकडून आलेला एक विद्यार्थी आमच्याकडे होता. वर्गात गप्प असायचा. शनिवार-रविवार हमखास गैरहजर. चौकशी केली तर कळलं, तो गडावर वाटाड्या म्हणून जातो. पावसाळ्यात धुकं इतकं दाट असतं की पुढचा माणूस दिसत नाही, तेव्हा तो पंधरा-वीस शहरी मुलांना वर नेऊन खाली आणतो. त्याची आई त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी करते. त्याच वर्गातली दोन मुलं त्या गडावर जाऊन आली होती आणि त्यांनी त्यावर ऐटीत निबंधही लिहिला होता. याने काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "सर, ते तर आमचं रोजचंच आहे. त्यात लिहायचं काय?"

बघा कसं आहे ते. एकाने बूट, सॅक, जॅकेट विकत घेऊन वर्षातून एकदा जो डोंगर चढला ते 'साहस' झालं. दुसरा साध्या चपलेवर महिन्यातून चार वेळा चढतो, दमलेल्याचा हात धरतो, त्याचं 'काम' झालं. पहिल्याला प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्याला रोजंदारी. आणि खरी विद्या कुणाकडे आहे? पाऊस यायच्या आधी वारा कसा बदलतो, कुठल्या टाक्याचं पाणी प्यायचं आणि कुठल्याचं नाही, घसाऱ्यावर टाच कशी रोवायची, आग्या मोहोळाखालून जाताना गप्प का राहायचं आणि अत्तर, धूर, गोंगाट का नको, हे सगळं दुसऱ्याला येतं. अकोल्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांनी हे डोंगर शतकानुशतकं तुडवलेत. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच मातीतले, देवगावचे. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. या दऱ्याखोऱ्यांची माहिती हीच त्यांची आणि त्यांच्या साथीदारांची मोठी ताकद होती.

मग हीच मुलं आपल्या कॉलेजांत साहसाची शिक्षक का होऊ नयेत? राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर दरवर्षी होतंच. बहुतेक ठिकाणी त्यात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. गावात झाडलोट, एक प्रभातफेरी, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी करमणूक. त्यातलं एक शिबिर पाचनईला किंवा रतनवाडीला घ्या. सकाळी गावाचं काम करा, दुपारनंतर गावातल्या तरुणांकडून दोराची गाठ, नकाशावाचन, जखमीला उचलून आणायची रीत शिका. त्यांना व्याख्यात्याला देतो तसं रीतसर मानधन द्या. नव्या शैक्षणिक धोरणात अशा सह-अभ्यासक्रम उपक्रमांना श्रेयांकही मिळू लागलेत. वेगळा कायदा करायला नको, वेगळी इमारत बांधायला नको.

काही सहकारी म्हणतात, "अहो, या मुलांना डोंगर येतो, पण शास्त्रशुद्ध तंत्र कुठे येतं?" प्रश्न बरोबर आहे. हार्नेस, कॅराबिनर, प्रथमोपचार हे शिकावंच लागतं. पण ते शिकायची संधी दिली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले विद्यार्थी निवडले गेले, त्यांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण मिळालं आणि मे २०१८ मध्ये त्यातले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम. चंद्रपूरच्या सपाट रानातली मुलं एवढं करू शकली. कळसूबाईच्या पायथ्याला जन्मलेल्या मुलांना कुणी विचारलं तर?

मला एव्हरेस्टचं वेड नाही, हेही सांगून टाकतो. प्रत्येकाने तिथे जावं असं मुळीच नाही. मुद्दा एवढाच, की पाय ज्याच्याकडे आहेत त्याला कोर्स मिळत नाही आणि पैसे ज्याच्याकडे आहेत त्याला पॅकेज मिळतं, ही सध्याची अवस्था बदलायला हवी.

आता बाहेरच्या भटकंतीविषयी. हिमालयाची ओढ वाईट नाही. पुण्याची कृष्णा पाटील २००९ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचली तेव्हा ती १९ वर्षांची होती, म्हणजे तुमच्याच वयाची. पण ती एका उडीत तिथे गेली नव्हती. आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकली, मग सतोपंथ हे सात हजार मीटरचं शिखर चढली, त्यानंतर एव्हरेस्ट. आपल्याकडे मात्र कळसूबाईच्या लोखंडी शिड्या एकदा चढून झाल्या की लगेच "पुढचा ट्रेक हिमालय" अशी घोषणा होते.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. मनाली शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपलं सर्वोच्च शिखर मनालीच्या बाजारपेठेपेक्षाही खाली राहतं! साधारण अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ झाल्याचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. त्रास वाढला तर एकच खात्रीचा उपाय, खाली उतरणं. तालमीत दंड काढलेल्या धडधाकट पोरालाही तो त्रास होतो आणि एखाद्या बारीक मुलीला होत नाही. तिथे दंडाची ताकद कामाला येत नाही. "मला बरं वाटत नाहीये" हे वेळेवर बोलून दाखवणारा वाचतो. आणि नेमकं हेच आपल्या मुलग्यांना शिकवलेलं नसतं. मित्रांसमोर थांबायचं म्हणजे हार, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं.

हे घरच्या डोंगरावर शिकता येतं. बारीतून निघाल्यावर अर्ध्या वाटेत पाऊस वाढला, शिड्या निसरड्या झाल्या, तर परत फिरायचं. शिखर कुठे पळून जात नाही. पण ज्या मुलाने बारीला परत फिरायचं कधी शिकलंच नाही, तो हिमालयात पंचवीस हजार रुपये भरून गेल्यावर परत फिरेल का? पैसे वसूल करायला तो वरच जाईल.

प्रशिक्षणाने धोका शून्य होतो, असंही मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलन झालं, त्यात नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले पंचवीसहून अधिक जण गेले. शिकवणारे आणि शिकणारे दोघेही. आपल्याच हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्यावर, जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत गेले. अनेक दशकं सह्याद्रीत मुरलेला माणूस, कित्येकांचा गुरू. डोंगर अनुभव विचारत नाही. पालकांना आपण हे लपवून सांगू नये. पण या जाणत्या माणसांचे अपघात आणि धबधब्याच्या तोंडावर रील काढताना पाय घसरलेल्या मुलाचा अपघात, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. पहिला धोका पूर्ण टाळता येत नाही. दुसरा टाळता येतो, आणि बातम्यांत बहुतेक वेळा दुसराच असतो.

कोकणकड्याचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. पावसाळ्याच्या शेवटी सकाळी तिथे कड्याखाली धुकं भरलेलं असेल आणि पाठीमागे सूर्य असेल, तर समोर धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि त्याच्या मधोमध आपली स्वतःची सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ते पाहिल्याची नोंद केली होती. दरवेळी दिसेलच असं नाही. दिसण्यासाठी थांबावं लागतं. दुपारी बारा वाजता पोहोचून दोनला खाली उतरणाऱ्या 'वीकेंड पॅकेज'ला ते कधीच दिसायचं नाही. याच गडावर चांगदेवांनी 'तत्त्वसार' लिहिला असं सांगतात. माणूस इथे येऊन बसत होता, लिहीत होता. आपण केदारेश्वराच्या गुहेतल्या थंड पाण्यात उतरून किंचाळतो आणि वर येतो.

काजव्यांचंही तेच. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरींच्या सुमाराला भंडारदऱ्याच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं. तिथे आपण गाड्यांचे दिवे लावून, मोबाइलचा फ्लॅश मारत, गाणी वाजवत जातो. हा सगळा भाग अभयारण्य आहे, १९८६ पासून. अंधारात दिवा बंद करून उभं राहायला धीर लागतो. तोही साहसाचाच भाग धरायला हवा, असं मला वाटतं.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी ट्रेकला जातो म्हणाली तर "नाही" म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. बरोबर कोण आहे? गावातला वाटाड्या घेतलाय का? परतीची वेळ किती, आणि उशीर झाला तर कुणाला फोन करायचा? पाऊस वाढला तर परत फिरायचं ठरलंय का? उत्तरं नीट मिळाली तर जाऊ द्या. नाही मिळाली तर जाऊ देऊ नका आणि का नाही ते सांगा. मुलांनो, तुम्हीही संकटात ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा. पण दरीत मोबाइलला रेंज असेलच याची खात्री नसते. म्हणून निघण्याआधी पायथ्याच्या गावात एका घरी नाव, संख्या आणि परतायची वेळ सांगून जा. रात्री तुम्हाला शोधायला सगळ्यात आधी त्याच गावातली पोरं कंदील, टॉर्च घेऊन निघतात, शहरातून मदत पोहोचायला तास लागतात.

ज्यांना खरंच पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी शेवटची माहिती. उत्तरकाशी, दार्जिलिंग आणि मनाली इथल्या सरकारी संस्थांत गिर्यारोहणाचा प्राथमिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. एनसीसीत असाल तर तुमच्या बटालियनकडून जाता येतं का, ते आधी विचारा. डॉक्टरांचा दाखला लागतो आणि जागा कित्येक महिने आधी भरतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षाला असाल तर अर्जाची तारीख आत्ताच बघून ठेवा, आणि तोपर्यंत दर रविवारी पाठीवर दहा किलो वजन घेऊन चालायला लागा.